फाइल उघडत नाही

कॉलेजच्या लॅबमध्ये डॉसच्या काळ्या पडद्यावर ‘फाइल नॉट फाउंड’ ही अक्षरं पहिल्यांदा उमटली, तेव्हा माझे हात गार पडले होते. रात्र जागून लिहिलेला प्रोग्रॅम गेला कुठे? सरांनी मागून वाकून पाहिलं. नावातलं एक अक्षर चुकलं होतं. फाइल फ्लॉपीत होती तिथेच होती.

पुढे नोकरीत विंडोज आलं, लिनक्स आलं. फाइल सापडली नाही की दोन्हीकडे त्रुटीचा क्रमांक २, म्हणून मी निर्धास्त होतो. पण ५ क्रमांक विंडोजमध्ये ‘प्रवेश नाही’ असं सांगतो आणि लिनक्समध्ये वाचता-लिहिताना यंत्रणेतच बिघाड झाल्याचं. हे उशिरा ध्यानात आलं.

खरं कळलं ते एका फोनमुळे. आमचा हिशेबाचा प्रोग्रॅम वापरणाऱ्या एक बाई बोलत होत्या. “सर, माझी परवानगी काढून घेतलीय का हो?” आवाज कापत होता. पडद्यावर ‘परमिशन डिनाइड’ होतं आणि त्या नुकत्याच रजेवरून परतल्या होत्या. साहेबांनी आपल्याला बाजूला केलं, असंच त्यांनी धरलं होतं. मी त्यांना फाइलचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचायला लावला. तो फोल्डरपाशीच संपत होता, फाइलचं नाव लिहायचं राहिलं होतं. पायथनमध्ये फोल्डर फाइलसारखा उघडू गेलं, तर लिनक्स ‘इज अ डिरेक्टरी’ असं स्वच्छ सांगतं. विंडोजवर तीच ओळ परवानगीचं कारण पुढे करते. आम्ही तपासणी केली होती फक्त लिनक्सवर.

‘फाइल उघडता आली नाही’ असा एकच संदेश सगळीकडे टाकू, असं एका सहकाऱ्याने सुचवलं. मला ते पटलं नाही. तेवढं तर बाईंना दिसतच होतं. त्यांना कारण हवं होतं. आधी तपासून मग उघडायचं, तर मधल्या क्षणात कुणी फाइल हलवू शकतं. म्हणून आधी उघडायचं आणि फसलं तर तो पत्ता कशाचा आहे ते बघायचं, असं ठरलं. मग शब्द आमचे, दोन्हीकडे तेच: ‘हा फोल्डर आहे. आतली फाइल निवडा.’ मूळ क्रमांक खाली बारीक अक्षरात ठेवला, दुरुस्ती करणाऱ्यासाठी.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मित्रांनो, एकदा फाइलच्या जागी मुद्दाम फोल्डरचा पत्ता द्या आणि दोन्ही यंत्रांवर काय उमटतं ते स्वतः वाचा.