पांढरी तीनचा तंबोरा

बेळगावात कुणी “उद्या मिरजेला जाऊन येतो” म्हटलं की समोरचा आधी काळजीनं विचारतो, “का हो, कोण आजारी?” डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथं मिशनचं इस्पितळ सुरू केलं. तेव्हापासून आपल्या भागातल्या किती पिढ्या मिरजेला पडल्या, कापल्या, शिवल्या आणि धडधाकट होऊन परत आल्या, त्याची मोजदाद नाही. पण त्याच गावात एक गल्ली अशी आहे, जिथं आजारी माणसांऐवजी आजारी वाद्यं जातात आणि नवी जन्मालाही येतात. तिचं नाव सतारमेकर गल्ली. आमच्या मुलांना ती ठाऊकच नव्हती, म्हणून हा लेख.

बेळगावहून मिरज रेल्वेनं साधारण तीन तास. घटप्रभा, रायबाग, कुडची, मग कृष्णेचा पूल आणि पलीकडे उगारचा साखर कारखाना. हंगामात डब्यात मळीचा वास शिरला की समजायचं, आता फार वेळ नाही. आम्ही चौघं होतो. माझी आई, मी, माझी लेक आणि पुण्याहून आलेला भाचा. बरोबर गोधडीत गुंडाळलेला आईचा जुना तंबोरा, ज्याला डब्यातल्या प्रत्येकानं एकदा तरी “हे काय हो?” विचारलं.

भाचा तंबोऱ्यासाठी आला नव्हता, आजीसाठी आला होता. तो एका बँडमध्ये बास गिटार वाजवतो आणि सध्या एका कारागिराकडून स्वतःच्या मापाचा इलेक्ट्रिक बास बनवून घेतोय. त्या कारागिरानं पाठवलेला तक्ता त्याच्या फोनवर होता. तारा चार की पाच? तारेची लांबी ३० इंच, ३४ की ३५? दांडी बोल्टनं जोडलेली की अंगातून आरपार गेलेली? पट्ट्या, म्हणजे फ्रेट, हव्यात की नकोत? पिकअप कुठले, बॅटरीवर चालणारं सर्किट हवं की साधं? गाडीत बसल्यापासून तो एकेका रकान्यावर घुटमळत होता आणि आजीला विचारत होता, जणू काही तिला यातलं सगळं कळतं. आणि खरं सांगायचं तर बरंचसं कळत होतं.

सतारमेकर गल्ली दिसायला अगदी साधी. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि वर पाहिलं तर माळ्यावर, छताला टांगलेले भोपळे. लाखेच्या पॉलिशचा वास आणि लाकूड तासल्याचा आवाज. सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी इथल्या फरीदसाहेबांनी हा उद्योग सुरू केला असं मानतात. हे शिकलगार घराणं, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, शस्त्रं दुरुस्त करणारे लोक. इंग्रजी राज्य आलं, शस्त्रांचं काम आटलं, आणि संस्थानातल्या गवयांची वाद्यं दुरुस्त करता करता ते हात वाद्यं घडवायला लागले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड होती, गवई येत-जात होते, त्यामुळे काम मिळत गेलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानाबाहेरच्या फलकांवर आता तेही लिहिलेलं दिसतं.

आम्ही गेलो तिथले चाचा साठीच्या पुढचे. आईनं गोधडी सोडली तेव्हा त्यांनी आधी तंबोऱ्याला हात लावला आणि नंतर आम्हाला “बसा” म्हटलं. नक्षीवर बोट फिरवून म्हणाले, “आमच्या गल्लीतलाच आहे. कुणाच्या हातचा ते मात्र सांगता येणार नाही.” तंबोरा १९६८ चा. आईच्या वडिलांनी तिच्यासाठी घेतलेला. भोपळ्याला खाली एक बारीक तडा गेलाय आणि जवारी पार बसलीय. ती दुरुस्त करायची होती आणि एक नवा तंबोरा सांगायचा होता. आईची एक मुदतठेव पूर्ण झाली होती, पैसे तिचे होते. नवा तंबोरा लेकीसाठी असं मी धरून चालले होते. ती पुढच्या शिक्षणाला हैदराबादला जाणार आहे आणि गाणं सोडायचं नाही म्हणते.

चाचांनी वही काढली. भाच्यानं लगेच माझ्या कानात कुजबुजून विचारलं, “मावशी, यांचाही तक्ता आहे?”

आहे. फक्त छापलेला नाही. आणि त्याची सुरुवात भाच्याच्या तक्त्यासारखी लाकडानं होत नाही, भोपळ्यानं होते. हा आपल्या भाजीतला दुध्या नव्हे, कडू भोपळा. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमेकाठी त्याची लागवड होते. वेलीवरच तो जून होतो, वाळतो, आणि मग मिरजेला येतो. देठाकडचा भाग कापून, भिजवून, आतून खरवडून तो तयार करतात. चाचांनी तीन-चार भोपळे खाली उतरवले, बोटाच्या पेरानं वाजवून दाखवले. एक मंद, एक खणखणीत, एक काहीच न बोलणारा. “दांडी मला पाहिजे तेवढी कापता येती. भोपळा पाहिजे तसा मिळत नाही. म्हणून आधी भोपळा, मग बाकी सगळं त्याच्या मापानं.” दांडी आणि वरची तबली तूण नावाच्या लालसर, हलक्या लाकडाची. भोपळा आणि दांडी जुळते तो गळा, त्यावर लाकडी पानं, वर चार खुंट्या, खाली घोडी, तारेत ओवलेले मणी.

भाच्याच्या तक्त्यात लाकडाच्या नावांची मोठी यादी होती. अ‍ॅश, अ‍ॅल्डर, महोगनी, दांडीला मेपल. त्यानं चाचांना विचारलं, कुठलं चांगलं? चाचांनी उलट विचारलं, “आवाज कुठून घेतो तुझं वाद्य?” लोखंडी तारेच्या हालचालीवरून, खालच्या चुंबकातून, भाचा म्हणाला. “मग लाकूड हलकं घे. खांद्याला दुखणार नाही.” लाकडानं इलेक्ट्रिक बासचा आवाज किती बदलतो यावर वाजवणाऱ्यांत कायम वाद असतो म्हणे. मला चाचांचं उत्तर पटलं. दोन तास उभं राहून वाजवायचं असेल तर वजन आणि तोल आधी बघावा, दांडी जमिनीकडे झुकणारा बास घेऊ नये, रंग नंतर. तंबोऱ्यात मात्र आवाज पुढे नेणारं दुसरं काहीच नसतं. तिथं भोपळा आणि तबली हेच सगळं.

मग चाचांनी खरा प्रश्न विचारला. “कुणाच्या गळ्यासाठी? पट्टी कुठली?”

मी म्हटलं, “काळी चार. लेकीसाठी.”

त्याच वेळी आई म्हणाली, “पांढरी तीन.”

ज्यांना पेटीच्या पट्ट्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आई तरुणपणापासून काळी चारमध्ये गायची. माझी लेकही तिथंच गाते. वय वाढलं की बायकांचा आवाज खाली उतरतो. आईचा गेल्या काही वर्षांत चार घरं खाली आलाय, पांढरी तीनवर. बासवाले ज्याला ‘ई’ म्हणतात तो स्वर. आता तुम्ही म्हणाल, मग जुना तंबोरा खाली उतरवून लावावा. लावता येतो, पण तारा ढिल्या पडतात, जवारी बोलत नाही, आणि स्वर असा लागतो जणू कुणी घोंगडी पांघरून गातंय. जाड तारा घालून थोडं सावरतं, पूर्ण नाही. खाली जायचं तर तारेला लांबी हवी. पुरुषी तंबोरा पाच फुटांच्या आसपास आणि बायकांचा चारच्या, तो यासाठीच.

भाच्यानं फोन काढून दाखवलं. त्याच्या तक्त्यात हाच प्रश्न होता. १९५१ मध्ये लिओ फेंडरनं पहिला प्रिसिजन बास बाजारात आणला तेव्हा त्याची तार ३४ इंच ठेवली, आणि आजही बहुतेक बास तेवढेच असतात. ३० इंची बास हाताला सोपा पडतो, पण जाड तार सैलसर वाटते. पाचवी, आणखी खालची तार हवी असेल तर ती ताठ राहावी म्हणून काहीजण ३५ इंच घेतात. भाचा म्हणाला, “आजी, तुझा खर्ज ज्या स्वरावर लागेल ना, माझ्या बासची सगळ्यात जाड तार तीच. फक्त एक सप्तक खाली.” आजी म्हणाली, “मग मी तुझ्या वरच आहे अजून.”

पण माझ्या मनात वेगळाच हिशेब चालला होता. आई शहात्तर वर्षांची. पैसे एकाच नव्या तंबोऱ्याचे. पांढरी तीनचा तंबोरा लेकीच्या काही कामाचा नाही आणि तिच्यापुढे सगळं आयुष्य पडलंय. मी तसं काही बोलले नाही, पण आईला माझा चेहरा वाचता येतो. ती चाचांकडे वळून म्हणाली, “हा जुना नीट होईल ना?” चाचा म्हणाले, “तडा आतून बुजवतो. घोडी बदलतो. तबलीला काही झालेलं नाही. अजून एका पिढीला जाईल बघा.” “झालं तर. तो काळी चारचाच आहे, तो हिला. मला माझ्या आत्ताच्या आवाजाचा पाहिजे.”

लेक म्हणाली, “आजी, पण मोबाइलवर कुठल्याही पट्टीत लावता येतो की तंबोरा. तू लावतेस ना रोज.” हे खरं आहे. गेली दोन वर्षं आई मोबाइलच्या तंबोऱ्यावरच गाते, दार लावून, हळू. आई एवढंच म्हणाली, “त्याला मी लागत नाही. तो मला लागतो.” लेकीला ते कळलं की नाही, ठाऊक नाही. मला कळलं. तंबोरा लावणं हाच रियाजाचा पहिला अर्धा तास. कान तिथं उघडतो. आपल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व तंबोरे किती बारकाईनं लावत, हे जुने लोक अजून सांगतात. आणि खालच्या आवाजाचं म्हणाल, तर हुबळीच्या गंगूबाई हनगलांच्या भारदस्त गळ्यावर आपला सगळा मुलूख पोसलाय. बाईचा आवाज वरच असला पाहिजे असं कोण म्हणतं?

चाचांनी वहीत लिहिलं, “पांढरी तीन.” बाकीचे रकाने पटापट भरले. तारा चार. पहिली तार पंचमाची. नक्षी कमी. खुंट्या शिसवी. घोडी हाडाची. पूर्वी सांबरशिंगाची करत. वन्यजीव कायद्यानं ती बंद झाली ते बरंच झालं.

जवारीपाशी मात्र भाचा तासभर अडकून राहिला. चाचांनी दुसऱ्या एका तंबोऱ्याची घोडी कानशीनं घासून दाखवली. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी अलगद उतार असतो. तार हलताना त्या उताराला पुन्हा पुन्हा स्पर्श करते. तार आणि घोडीमध्ये सुताचा धागा सरकवत नेला की एका जागी आवाज एकदम उघडतो आणि तारेतून वरचे स्वर झिरपायला लागतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं होतं. तार ज्या जागी छेडल्यावर एखादा उपस्वर उमटायलाच नको, तिथं छेडली तरी तंबोऱ्यात तो ऐकू येतो, हे त्यांनी दाखवलं. भाचा हरखला. तार पट्टीला घासून कुरकुरणं हा बासमध्ये दोष. पण पट्ट्या नसलेल्या, म्हणजे फ्रेटलेस बासवर तार सपाट लाकडाला अशीच अलगद घासते आणि ‘म्वाऽ’ असा गाणारा स्वर निघतो. जॅको पास्टोरियसनं आपल्या बासच्या पट्ट्या काढून तोच आवाज जगभर पोहोचवला. “मावशी, म्हणजे ही जवारीच!” असं तो तीनदा म्हणाला. मला वाटलं, आता हा फ्रेटलेस घेणार. नाही घेतला. त्याच्या बँडला अंधाऱ्या स्टेजवर सुरात राहणारा बास हवाय, म्हणून पट्ट्या ठेवल्या. चार तारा, ३४ इंच, हलकं लाकूड, बॅटरी नाही. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटला.

गाडीला वेळ होता म्हणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन आलो. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर तिथंच आहे, आणि उरुसात तिथं गवई हजेरी लावतात. खाँसाहेब स्वतः वाद्यं दुरुस्त करण्यात हुशार होते. आई थोडा वेळ बसली. मुलांनी फोटो काढले.

तुमच्यापैकी कुणी जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. गाणाऱ्याला बरोबर न्या. पट्टी फोनवर सांगून तंबोरा होतो, पण जवारी गाणाऱ्याच्या कानासमोरच लागते. कुणाला ती उघडी आवडते, कुणाला थोडी बंद. उचलून नेण्यासाठी कडक पेटी त्याच वेळी सांगा, गोधडीवर विसंबू नका. आणि परतीच्या गाडीत खालचा बर्थ घ्या, भोपळा वर चढवायचा नसतो.

चाचांनी तीन महिने सांगितलेत. जुना तंबोरा त्याआधीच, लेक हैदराबादला जायच्या आत. नव्याची जवारी लावायला आईनं स्वतः यायचं ठरलंय. ती तारीख तिनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाच्या वर, लाल पेननं लिहून ठेवली आहे.