रिंगणातली जागा

वाचकहो, गेली सत्तावीस वर्षे मी वैद्यकीय व्यवसाय करीत आहे. या काळात वृद्ध रुग्णांच्या मुलांना आपण सर्वाधिक वेळा कोणता सल्ला दिला, याचा विचार करू लागलो की मला संकोच वाटतो. तो सल्ला असा : ‘आता त्यांना फार हिंडू-फिरू देऊ नका. पडल्या तर निस्तरणे कठीण.’ हा सल्ला मी माझ्या आईलाही दिला होता. त्याचे काय झाले आणि तो मी का मागे घेतला, हे आज आपल्याला सांगायचे आहे.

चार वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात घसरली आणि तिचे मनगट मोडले. हाड दीड महिन्यात जुळले. परंतु माझ्या मनातील भीती काही गेली नाही. मी तिचे भजनी मंडळात जाणे बंद केले. मंडळातील सर्वांत जुन्या चाली तिलाच पाठ होत्या. दोन-तीनदा बायका घरी आल्या, ‘काकूंना एक चाल विचारायची होती’ म्हणाल्या. ‘तिला दमवू नका’ असे सांगून मी त्यांना दारातूनच परत पाठविले. आईने तक्रार केली नाही. ती कमी बोलू लागली, एवढेच. दीड वर्षानंतर खुर्चीतून उठताना तिला दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागे. ‘वय झाले’ असे मी म्हणत होतो, आणि डॉक्टर असल्यामुळे माझ्या म्हणण्यावर घरात कोणी शंका घेत नव्हते.

त्याच सुमारास घानामधील तेमा या बंदराच्या शहरी नोकरीनिमित्त राहणाऱ्या बहिणीकडे मी तीन आठवडे गेलो. मेहुण्यांच्या कारखान्यातील एका सहकाऱ्याच्या घरी वृद्ध नातलगाचे निधन झाले होते. अंत्यविधीला त्यांनी आम्हां सर्वांना आग्रहाने बोलाविले. हे सहकारी एवे समाजाचे. एवे लोकांची वस्ती घानाच्या आग्नेय भागात, शेजारच्या टोगोच्या दक्षिणेत आणि काही प्रमाणात बेनिनमध्ये आहे. सोगाकोपे येथे व्होल्टा नदीचा पूल ओलांडून आम्ही केटाच्या बाजूला वळलो. तेथे एका हाताला खाजण आणि दुसऱ्या हाताला अटलांटिक महासागर, अशी वाळूची चिंचोळी पट्टी आहे. तिच्यावर छोट्या कांद्यांचे वाफे आणि नारळाची झाडे. एवेंपैकी आन्लो म्हणविणाऱ्या शाखेचा हा मुलूख.

दुःखाच्या घरी जायचे म्हणून मी मन गंभीर करून गेलो होतो. अंगणात मात्र मांडव घातलेला होता, बाकांवर वादक बसले होते आणि गावची माणसे नाचत होती. पूर्ण आयुष्य जगून गेलेल्या माणसाला निरोप देण्याची ही त्यांची रीत आहे. या नृत्याचे नाव अग्बाद्झा. पूर्वीच्या अत्रिक्पुई नावाच्या युद्धनृत्यापासून ते घडले, असे मानतात. आज ते लहानथोर सर्वांचे आहे. गुडघे किंचित वाकवायचे, अंग जरा पुढे झुकवायचे, कोपरे दुमडून हात मागेपुढे हलवायचे आणि त्याबरोबर पाठीची दोन्ही फरे जवळ आणून सैल सोडायची. पावले अगदी छोटी, जमिनीलगत. उडी नाही, गिरकी नाही. नाचणारे दोघे-चौघे मिळून पुढे येतात, थोडा वेळ नाचतात आणि जागेवर परततात. माझ्यातील डॉक्टर हे पाहून चमकला. वृद्धांसाठी व्यायामतज्ज्ञ सुचवितात, त्यांतील बऱ्याच हालचाली येथे आपसूक घडत होत्या.

वाद्यांची मांडणीही ऐकण्यासारखी आहे. गांकोगुई ही लोखंडाची जोडघंटा. ती लय धरते आणि सर्वांनी तिच्याकडे कान ठेवायचा असतो. आखात्से म्हणजे मण्यांची जाळी विणलेला भोपळ्याचा खुळखुळा. तो बसून मांडीवर आणि तळहातावर आपटून वाजवितात. मग ढोल : सर्वांत लहान आणि चढ्या आवाजाचा कागानु, मधला किडी आणि अग्बाद्झामध्ये पुढारपण करणारा सोगो. सोगोने काही म्हटले की किडी त्याला उत्तर देतो. एवे ही सुरांच्या चढउतारावर अर्थ ठरणारी भाषा आहे आणि ढोलाचे आघात तिच्या शब्दांचे चढउतार पकडतात. आपल्याकडे तबला बोलांवरून शिकवितात, तसेच तेथेही मुले ढोलाचे बोल आधी तोंडाने म्हणतात.

वादकांच्या शेजारी पहिल्याच रांगेत ऐंशीच्या पुढची एक आजी खुर्चीवर बसली होती. गुडघे सुजलेले, काठी खुर्चीला टेकविलेली, हातात आखात्से. ती मध्येच एक गाणे उचले आणि बाकीचे सारे ते झेलत. एका गाण्याच्या वेळी तिने आखात्से खाली ठेवला आणि ती उठली. दोन नाती दोन बाजूंना येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी तिला धरले नाही, पण हाताच्या अंतरावर राहिल्या. आजी जेमतेम अर्धा मिनिट नाचली. पावले जागच्या जागी, मुख्यतः खांदे आणि पाठ हलत होती. मग ती बसली आणि पुन्हा वाजवू लागली.

मी यजमानांना विचारले, ‘या पडतील अशी भीती आपल्याला वाटत नाही?’ त्यांना प्रश्नच कळेना. थोडे थांबून ते म्हणाले, ‘ती आमची आत्या. जुनी गाणी तिलाच येतात. ती आली नाही तर गाणे सुरू कोण करणार?’

वाचकहो, हे ऐकताच दारातून परत पाठविलेल्या त्या बायका मला आठवल्या. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

आन्लो लोकांच्या संवेदनांविषयी कॅथरिन गुर्ट्स या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ विदुषींचा एक ग्रंथ २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. आपण पाच ज्ञानेंद्रिये मोजतो. आन्लो लोक मात्र ज्या संवेदनांना महत्त्व देतात, त्यांत तोल सांभाळणेही येते, असे त्या नोंदवितात. त्यासाठी त्यांचा शब्द आहे ‘अग्बाग्बाडोडो’. बाळ उभे राहायला शिकते तेव्हाही आणि डोक्यावर ओझे घेऊन चालतानाही हाच तोल. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हे योग्यच आहे. आतील कान, डोळे आणि स्नायू-सांध्यांतून येणारे संदेश मिळून तोल साधतो, आणि वापर थांबला की तो मंदावतो. व्यायाम नियमित केल्यास घरी राहणाऱ्या वृद्धांच्या पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असा निष्कर्ष अनेक चाचण्यांच्या २०१९ मधील कॉक्रेन आढाव्यात निघाला. पडण्याच्या भीतीने मी आईला बसविले होते आणि बसवून तिचे पडणे जवळ आणीत होतो.

घंटेची लय आपल्याला बसल्या बसल्या करून पाहता येईल. बारा मात्रा सावकाश मोजा. पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मात्रेवर पाऊल टेकवा. नाचणाऱ्यांची पावले याच चार ठोक्यांवर पडतात. हे जमले की टाळी द्या पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. हे घंटेचे सात आघात. पहिला आणि दहावा पावलाबरोबर येतात, बाकीचे अधेमध्ये पडतात. सुरुवातीला सारे चुकतात, मीही चुकलो. पण हात आणि पाय यांना वेगवेगळे काम देऊन लक्ष दोन्हींकडे ठेवणे, हा मेंदूचा उत्तम सराव आहे. चालता चालता कोणाशी बोलताना अनेक वृद्धांचा तोल जातो, हे आपण पाहिले असेलच.

परत आल्यावर मी आईची क्षमा मागितली. ती म्हणाली, ‘अरे, तू भल्यासाठीच केलेस.’ ते खरे होते. पण त्या दीड वर्षात मंडळातील तिच्या दोन मैत्रिणी वारल्या होत्या आणि तिची त्यांची भेट झाली नव्हती. हे मला भरून देता येणार नाही.

आम्ही हळूहळू सुरुवात केली. आधी उभे राहिल्यावर तिचा रक्तदाब उतरतो का, हे तपासले. चक्कर आणू शकणारी रात्रीची एक गोळी बदलली. भक्कम टेबलाला धरून दिवसातून दोनदा, पाच-पाच वेळा उठणे-बसणे ठेवले. सहा महिन्यांनी ती एका हाताच्या आधाराने उठू लागली. आता दर गुरुवारी ती रिक्षाने मंडळात जाते. हात असलेली, न घसरणारी खुर्ची, पायांत पट्ट्याची चप्पल आणि शेजारी कोणीतरी, एवढी काळजी आम्ही घेतो. पूर्वीसारखी ती उभी राहून टाळ वाजवीत नाही. बसून वाजविते आणि चाली सांगते. गेल्या श्रावणात एकदा तिचा तोल गेला. शेजारच्या सुनेने सावरले. त्या दिवशी मला पुन्हा जुना सल्ला द्यावासा वाटला; तो मी गिळला.

घरातील वृद्धांची काळजी घेणाऱ्या आपणांस माझी एवढीच विनंती. छातीत दुखणे, धाप, वारंवार चक्कर किंवा नुकतेच झालेले अस्थिभंग असतील, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. तसे काही नसेल, तर त्यांना पूर्वी कोणते काम येत होते आणि ते बसून, धरून, थोडक्यात कसे करता येईल, हे त्यांनाच विचारा. आणि जे वाचक स्वतः वृद्ध आहेत, त्यांनी कोणी न विचारताही सांगावे. माझ्या आईने सांगितले नाही, आणि मी विचारले नाही.