मूकपटातील हसू

गेली दोन वर्षे मला कमी ऐकू येते. ‘शांतता!’ असे वर्गात ओरडण्यात उभी हयात गेली; आता ती न मागता मिळाली आहे. संध्याकाळी घरातील मंडळी दूरचित्रवाणीसमोर बसून हसतात, तेव्हा मीही हसतो. पण माझे हसू सर्वांच्या मागून येते, उशिरा वर्गात शिरणाऱ्या मुलासारखे ओशाळवाणे. काय विनोद झाला, हे विचारण्याचे मी सोडून दिले आहे. समजावून सांगितलेल्या विनोदाला हसणे मोठे कठीण!

दिवाळीच्या सुटीत नातवाने चार्ली चॅप्लिनचा ‘द गोल्ड रश’ हा १९२५ सालचा मूकपट लावला. मधूनमधून पडद्यावर इंग्रजी ओळी येत, त्या तो मला मोठ्याने वाचून दाखवू लागला. मी त्याला थांबवले. डोळे अजून शाबूत आहेत म्हटले! बर्फाने वेढलेल्या झोपडीत दोन माणसे भुकेने व्याकूळ झालेली. चार्ली आपला बूट शिजवतो, ऐटीत ताटलीत वाढतो, नाड्या शेवयांसारख्या गुंडाळून खातो आणि तळव्याचे खिळे हाडे चोखावीत तसे चोखतो. उपासमारीसारखी भयंकर गोष्ट, आणि आम्ही दोघे हसत होतो! तो बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा होता, ही माहिती मागाहून नातवाने पुरवली.

मग आम्हांला नादच लागला. ‘सेफ्टी लास्ट’ (१९२३) मध्ये हॅरॉल्ड लॉइड उंच इमारतीवरील घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो. १९१९ मधील एका अपघातात त्याच्या उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी तुटली होती, हे कळल्यावर नातवाने तो प्रसंग श्वास रोखून पुन्हा पाहिला.

मला मात्र बस्टर कीटन अधिक आवडला. ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’ (१९२८) मध्ये वादळात घराची दर्शनी भिंत सबंधच्या सबंध त्याच्यावर कोसळते. माळ्याची उघडी खिडकी नेमकी तो उभा असतो तेथे येते, म्हणून तो वाचतो. ती भिंत खरोखरच पाडलेली होती. तो एक पाऊल जरी इकडेतिकडे असता तर? आणि चेहऱ्यावरची रेषाही हलत नाही! गणिताच्या तासाला फळ्याकडे पाहणारे काही विद्यार्थी मला आठवले. शब्दांवाचून काही अडत नाही, हे मराठीच्या शिक्षकाने कबूल करणे बरे नव्हे. पण भिंत कोसळताना व्याकरण कोणाला सुचते?

भिंत पडली आणि नातू खदखदून हसला. मीही हसलो, अगदी त्याच क्षणी. त्याने चमकून माझ्याकडे पाहिले.

“आजोबा, पुन्हा लावू?” त्याच्या ओठांवरूनच मला ते समजले.