नाशिकच्या आभाळातला प्रोटॉन

प्रोटॉनवर प्रोटॉन आदळवायला जिनिव्हाजवळ 27 किलोमीटर घेराचा बोगदा लागला. नाशिकच्या डोक्यावर हे काम रात्रंदिवस आपोआप चालू असतं. अवकाशातून आलेला एखादा प्रोटॉन पंधरा-वीस किलोमीटर उंचीवर हवेतल्या नायट्रोजनच्या अणुकेंद्रावर आपटतो. त्यातून पायॉन नावाचे अल्पायुषी कण निघतात. पायॉन मोडला की म्युऑन आणि न्यूट्रिनो. म्युऑन मोडला की इलेक्ट्रॉन आणि आणखी दोन न्यूट्रिनो. पाठ्यपुस्तकात प्रोटॉनची टक्कर एका धड्यात आणि न्यूट्रिनो दुसऱ्यात. वर आभाळात मात्र ही एकच घटना. अमेरिकेतल्या फर्मीलॅबमध्ये न्यूट्रिनोंचा झोत तयार करतात तोही असाच: प्रोटॉन ग्रॅफाइटवर आदळवायचे, निघालेले पायॉन चुंबकाने एका दिशेला लावायचे आणि मोडू द्यायचे.

*

मुलांबरोबर कणांचा माग दाखवणारी बाष्पकोठी केली. काचेची पेटी, आत वरच्या बाजूला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली फेल्टची पट्टी, तळाला काळा रंगवलेला पत्रा, पत्र्याखाली कोरडा बर्फ. खोलीत अंधार, कडेने टॉर्चचा झोत. आधी नुसती अल्कोहोलची भुरभुर दिसते. मग तळाजवळचा थर पुरेसा थंड झाला की रेघा उमटू लागतात. आखूड, जाड रेघ म्हणजे हवेतल्या रेडॉनमधून निघालेला अल्फा कण. वेडीवाकडी रेघ इलेक्ट्रॉनची. आणि मध्येच एखादी लांब, बारीक, अगदी सरळ रेघ पेटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि विरते. तो म्युऑन.

"सर, हा आत्ता वरून आला?"

हो, आत्ताच. म्युऑनचं सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगाने पळाला तरी तेवढ्यात साधारण 660 मीटर जाईल. पण तो पंधरा किलोमीटर खाली येतो, कारण त्या वेगाला त्याचं घड्याळ आपल्या दृष्टीने मंद चालतं. सापेक्षता समजावून सांगताना मी फळ्यावर जी समीकरणं लिहितो, त्यांपेक्षा ही एक रेघ मुलांना जास्त पटते.

*

तळहात आडवा धरला तर त्यातून सेकंदाला साधारण एक म्युऑन जातो. सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो मात्र दर चौरस सेंटिमीटरमधून सेकंदाला सुमारे 6500 कोटी. म्युऑन बाष्पकोठीत रेघ सोडतो, ते काहीच सोडत नाहीत.

*

का सोडत नाहीत, याचं उत्तर आकड्यांत. टक्कर किती सहज होते हे शास्त्रज्ञ क्षेत्रफळात सांगतात: समोरचा कण जणू केवढं लक्ष्य दाखवतो. मध्यम ऊर्जेला दोन प्रोटॉनांमध्ये हे लक्ष्य सुमारे 40 मिलिबार्न (हे या क्षेत्रफळाचं एकक). एक अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या न्यूट्रिनोसाठी ते काही लाख कोटी पटींनी लहान. म्हणून न्यूट्रिनोचा प्रयोग करायचा तर टनावारी लोखंड किंवा पाणी मांडायचं आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. दुसरा मार्ग नाही.

*

प्रोटॉनबद्दलची जी गोष्ट मला अजून थक्क करते ती ही: ऊर्जा वाढवत नेली की त्याचं लक्ष्य मोठं होत जातं. 1973 मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या एकमेकांना छेदणाऱ्या दोन वलयांच्या यंत्रावर हे स्पष्ट झालं. पुढे एलएचसीवर, म्हणजे त्या 27 किलोमीटरच्या बोगद्यातल्या यंत्रावर, टोटेम प्रयोगाने 7 टेराइलेक्ट्रॉन-व्होल्टला 98 मिलिबार्न मोजले, 13 ला 110 च्या घरात. हे मोजायची रीतही सुंदर आहे. जे प्रोटॉन न फुटता नुसते किंचित वळून पुढे जातात, त्यांना पकडायला टक्करबिंदूपासून सव्वादोनशे मीटरच्या आसपास, झोताच्या अगदी काही मिलिमीटर जवळ शोधक सरकवतात. वळण इतकं सूक्ष्म की तेवढं लांब गेल्याशिवाय ते झोतापासून सुटं दिसत नाही.

*

लक्ष्य का वाढतं, या प्रश्नावर पुण्याच्या रोहिणी गोडबोले यांनी फार काम केलं. हुजूरपागा, स. प. महाविद्यालय, मग आयआयटी मुंबई, पीएचडी स्टोनी ब्रूकला. परत येऊन मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर), मुंबई विद्यापीठ आणि 1995 पासून बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: वेग वाढला की प्रोटॉनच्या आतल्या, अगदी थोडी ऊर्जा वाटून घेतलेल्या ग्लुऑनांची गर्दी वाढते, त्यांच्या आपसातल्या टकरा वाढतात, त्यातून छोटे कणझोत निघतात आणि एकूण क्षेत्रफळ चढतं. पण नुसतं एवढंच धरलं तर हिशेब फार वर जातो. म्हणून टकरीच्या वेळी सुटणाऱ्या मंद ग्लुऑनांचा वाटा धरून त्यांनी इटलीच्या जुलिया पांकेरी आणि इतर सहकाऱ्यांसह तो लगाम घातला. मानुएल द्रेस यांच्याबरोबर त्यांनी दाखवलं की फोटॉनही उच्च ऊर्जेला आतून क्वार्क-ग्लुऑनांनी भरल्यासारखा वागतो. भावी इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्रांचा आराखडा करताना ही गोष्ट विचारात घ्यावी लागली.

2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 25 ऑक्टोबर 2024 ला पुण्यात त्या गेल्या. त्यांनी राम रामस्वामींबरोबर संपादित केलेलं 'लीलावतीज डॉटर्स' हे भारतीय स्त्री-वैज्ञानिकांवरचं पुस्तक प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असायला हवं, आणि कपाटात बंद नव्हे, टेबलावर.

*

नाशिकच्या पांडवलेणीत उभं राहून केलेला हिशेब. छतावर दहा मीटर बसाल्ट धरला, तर त्यातून पार व्हायला म्युऑनला साधारण 6 अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट खर्चावे लागतील. जमिनीवर पोचणाऱ्या म्युऑनची सरासरी ऊर्जा 4 अब्जांच्या आसपास. म्हणजे बहुतेक छतातच थांबतात. दहा मीटरला एवढा फरक, तर दोन किलोमीटरला किती?

*

त्याचं उत्तर कोलारला मिळालं. 1951 मध्ये होमी भाभांनी तरुण बी. व्ही. श्रीकांतन यांना मुंबईहून कोलारच्या सोन्याच्या खाणीत म्युऑन मोजायला धाडलं. मग टीआयएफआरची माणसं दर प्रयोगाला आणखी खाली उतरत गेली. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला खूप खोलवर उपकरण लावलं, दोन महिने चालवलं, आणि एकही म्युऑन नोंदला गेला नाही.

मला त्या शून्याचं मोल फार वाटतं. एखाद्याने उपकरणं गुंडाळली असती. मेनन, रमणमूर्ती, श्रीकांतन, नरसिंहम्, ओसाकाचे मियाके यांनी त्याचा अर्थ लावला: वरून येणारं सगळं इथे थांबतं, तेव्हा इथे जे काही दिसेल ते न्यूट्रिनोंचंच असणार. जागा सापडली होती. चॅम्पियन रीफ खाणीत 2.3 किलोमीटर खोल प्रस्फुरकाच्या (कण गेला की चमकणाऱ्या पदार्थाच्या) भिंती उभ्या केल्या, त्यांच्यामध्ये निऑनच्या नळ्या. या कामात डरहॅमचे वुल्फेन्डेलही आले. भिंती उभ्या ठेवल्या कारण पाहायचं होतं आडवं: वरून उरलासुरला एखादा म्युऑन आलाच तर तो उभा येईल, पण बाजूच्या खडकात न्यूट्रिनो आदळून निघालेला म्युऑन आडवाही येऊ शकतो. 1965 मध्ये असे आडवे माग मिळाले. वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची ती जगातल्या पहिल्या नोंदींपैकी एक. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत फ्रेडरिक राइनेस यांच्या गटाने त्याच वर्षी तेच केलं. कोलारचा निबंध ऑगस्टमध्ये छापून आला, त्यांचा सुमारे दोन आठवड्यांनी.

*

कोलारचा दुसरा मोठा प्रयोग 1980 चा. लोखंड आणि सुमारे 1600 प्रमाणी गणक मिळून 140 टन, 34 थर. शोधायचं होतं की प्रोटॉन स्वतःहून मोडतो का. काही घटना तशा भासल्या, पण पुढे इतरत्र पुष्टी मिळाली नाही. आज जपानच्या सुपर-कामिओकांडेच्या मोजमापानुसार, मोडत असलाच तर त्याचं आयुष्य 1 वर 34 शून्यं एवढ्या वर्षांहून जास्त. त्याच सुपर-कामिओकांडेने 1998 मध्ये वातावरणातले न्यूट्रिनो वाटेत रूप बदलतात हे दाखवलं. 2001 मध्ये कोलारची खाण बंद झाली. प्रयोग त्याआधीच थांबले होते. ज्या कणांच्या पहिल्या नोंदींपैकी एक आपण केली, त्यांचं सर्वांत मोठं रहस्य उलगडलं तेव्हा आपल्याकडे जमिनीखाली एकही शोधक चालू नव्हता. हे मला दुखतं.

*

तो धागा पुन्हा जोडायला आयएनओ, म्हणजे भारतीय न्यूट्रिनो वेधशाळा. शोधकाचा एक घटक असा: 3 मिलिमीटर जाडीच्या दोन साध्या काचा, मध्ये 2 मिलिमीटरची फट, फटीत वायूंचं मिश्रण, बाहेरून वीजवाहक लेप, आणि दोन्ही काचांमध्ये दहा हजार व्होल्टच्या आसपास दाब. म्युऑन गेला की फटीत तेवढ्या जागी ठिणगीसारखा स्राव होतो. बाहेरच्या पट्ट्यांवर त्याची वर्दी नॅनोसेकंदाच्या नेमकेपणाने उमटते. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये बाजारातल्याच काचा घेऊन याची तयारी झाली. सुरुवातीला लहान काचा काही महिन्यांत बिघडत. कारणं शोधत शोधत दोन मीटर बाय दोन मीटरपर्यंत पोचले. ठरलेल्या यंत्रात असे सुमारे 29 हजार घटक, 50 हजार टन चुंबकीय लोखंडाच्या थरांमध्ये.

*

जागा मात्र मिळेना. निलगिरीतल्या सिंगाराला परवानगी नाकारली गेली. शेजारी मुदुमलाईचं व्याघ्रक्षेत्र. मग थेनी जिल्ह्यातला बोडीचा डोंगर. केंद्राने सुमारे 1500 कोटींची मंजुरी दिली, पण लोकांना सुरुंगांची, पाण्याची, किरणोत्सर्गाची भीती. न्यूट्रिनो कुणाला इजा करत नाहीत, ते तसेही आपल्या अंगातून जातच असतात. पण डोंगर पोखरण्याचा प्रश्न खरा आहे, तो विचारणाऱ्यांना अडाणी म्हणणं चूक. राज्य सरकारचा विरोध आणि न्यायालयातली प्रकरणं यांत काम अडकलं.

इथे मला नाशिक-पुणे रस्त्याजवळचं खोडद आठवतं. नारायणगावजवळ गोविंद स्वरूप यांनी 45 मीटर व्यासाच्या 30 रेडिओ दुर्बिणी उभ्या केल्या. दर 28 फेब्रुवारीला तिथे शाळांच्या बसगाड्यांची रांग लागते. शेतकऱ्याची पोरं वैज्ञानिकांना प्रश्न विचारतात. हा विश्वास वर्षानुवर्षांच्या ये-जा करण्यातून येतो, मंजुरी आल्यावर पत्रकं वाटून येत नाही.

*

मनात आलेलं: सह्याद्रीत जमलं असतं का? कळसूबाई 1646 मीटर. शिखराखाली, पायथ्याच्या पातळीवर आडवा बोगदा नेला तर वर सुमारे 900 मीटर खडक. पण आपला खडक लाव्ह्याचे थर एकावर एक रचलेला; मध्ये लाल मातीचे पट्टे, फटी, आणि पावसाळ्यात अफाट पाणी. बोडीचा एकसंध चार्नोकाइट त्याहून कितीतरी बरा. शिवाय कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. थेनीतले प्रश्न इथेही उठले असते आणि उठायलाच हवे होते.

*

चीनच्या जुनोने 2025 च्या ऑगस्टमध्ये नोंदी घ्यायला सुरुवात केली: 20 हजार टन द्रव प्रस्फुरक. तीन न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांचा क्रम कोणता, हा त्यांचा प्रश्न आणि आयएनओचाही तोच. मग आता कशाला, असं मला विचारतात. जुनो पाहतो अणुभट्टीतले न्यूट्रिनो. जपानच्या नव्या यंत्रात पाणी, अमेरिकेच्या ड्यूनच्या दूरच्या शोधकात द्रवरूप आर्गॉन. तिघांतही चुंबक नाही. आयएनओच्या लोखंडात धन म्युऑन एकीकडे वळेल, ऋण दुसरीकडे, म्हणजे आलेला न्यूट्रिनो होता की प्रतिन्यूट्रिनो हे एकेका घटनेत कळेल. पृथ्वीच्या पोटातून येताना या दोघांवर होणारा परिणाम वेगळा, आणि क्रम त्या फरकातच दडलेला. उत्तर आधी जुनोकडून आलं तरी ते अगदी वेगळ्या वाटेने पडताळणारं यंत्र हवंच.

मदुराईला आयएनओच्या शोधकाचा 85 टनांचा नमुना बांधलेला आहे, अकरा थर लोखंड आणि मध्ये दहा थर काचेचे शोधक. मला तो 50 हजार टनांचा झालेला हवा आहे, आणि आज बाष्पकोठीभोवती वाकलेल्या मुलांपैकी कुणीतरी तिथे कामाला असलेलं.