दीड तास

घरात मोबाईल आला तो कांद्याचा भाव कळावा म्हणून. लासलगावचा लिलाव नानांना घरबसल्या समजू लागला. पुढे मोबाईल माझ्याच हाती राहिला. एका संध्याकाळी नानांनी बाजारातली हिशेबपट्टी वाचायला दिली. "थांबा जरा," मी म्हणालो. मान वर केली तेव्हा ते पट्टी उशाशी ठेवून झोपले होते. शाळेची पायरी न चढलेल्या या माणसाने मला कॉलेजात धाडले ते कशासाठी?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये सायंकाळी सातला भोंगा वाजू लागला. दीड तास टीव्ही, मोबाईल बंद. मीही सातला मोबाईल फडताळात ठेवू लागलो. पहिले काही दिवस हात सारखा तिकडे जाई. आता आधी पट्टी वाचतो, मग पुस्तक. आमच्याकडे भोंगा नाही. "सात वाजले रे," नानाच म्हणतात.