सही करण्यापूर्वी वाचा

शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत पाळीला जाणाऱ्या आपल्या बांधवांचे मोटारसायकलशिवाय भागत नाही. मी कारकून असल्यामुळे वस्तीतील लोक विम्याचे कागद घेऊन माझ्याकडे येतात. बहुतेकांनी सही केलेली असते, पण कागद वाचलेला नसतो. "एजंटाने सांगितले," एवढेच उत्तर मिळते.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. पोलिसाला दाखविण्यापुरता तो कागद नाही. आपल्या गाडीखाली कोणाचा कमावता माणूस सापडला, तर त्याच्या मुलाबाळांना भरपाई मिळावी, यासाठी तो आहे. विमा नसेल तर ती भरपाई मालकाच्या घरादारावर येते.

गाडी विकताना तर अधिक जपावे. पैसे घेतले, किल्ली दिली, विमा बंद केला, म्हणजे आपण सुटलो असे नाही. आर.सी. बुकावर ज्याचे नाव, तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. म्हणून आर.टी.ओ.त नाव बदलेपर्यंत विमा चालू ठेवावा. घेणाऱ्यानेही १४ दिवसांत विमा कंपनीला कळवावे.

वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून कागद वाचून घ्यावा. सही आपली असते, तेव्हा जबाबदारीही आपलीच.