भाव जमला नाही

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार भरतो बुधवारी आणि रविवारी. (पेठ मंगळवार, बाजार बुधवारी.. हे पुण्यातच चालायचं!) रस्त्याकडेला गोणपाट अंथरलेलं, त्यावर कुलपं, जुनी नाणी, पितळी दिवे, पाने-पकडी आणि चावीची एचएमटी घड्याळं. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय 2016 साली झाला, पण इथला माणूस तुमच्यासमोर चावी देऊन घड्याळ कानाला लावायला देतो. टिकटिक ऐकू आली की भाव सुरू.

घासाघिशीचे नियम घरोघरी तेच. आवडलेल्या वस्तूला आधी हात लावायचा नाही, शेजारच्या वस्तूची चौकशी करायची. सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्यापासून सुरुवात. नाहीच जमलं तर उठून चालू लागायचं, कान मात्र मागे! आमची मावशी यात उस्ताद. (मावशी, वाचते आहेस ना?)

हे सगळं पैसे वाचवण्यासाठी असतं, असं आपण धरून चालतो. गेल्या वर्षी मात्र मी विकणाऱ्याच्या बाजूने उभा होतो.

बाबांनी सुतारकामाची हत्यारं काढायचं ठरवलं. हात थरथरतो, आता रंधा धरवत नाही. दारावर आलेल्या भंगारवाल्याने थेट काट्याला लावली. लोखंड इतके किलो, लाकूड काढून टाका म्हणाला. बाबा काही बोलले नाहीत. पिशवी उचलून आत नेली.

रविवारी आम्ही जुन्या बाजारात गेलो. तिथल्या एका हत्यारवाल्याने रंधा हातात घेतला, पातं काढलं, धारेवर अंगठा फिरवला.

"मूठ बदललीय, काका."

"मीच बदललीय. सागवानाची आहे."

"पातं झिजलंय."

"अजून दहा वर्षं जाईल!"

अर्धा तास हे चाललं. गेल्या कित्येक महिन्यांत बाबा एवढं बोलले नव्हते. शेवटी साडेतीनशेला रंधा गेला. भंगारापेक्षा फार जास्त आले असंही नाही. पण तिथे त्याचं नुसतं वजन झालं होतं, इथे कुणीतरी त्यातल्या खोडी काढल्या. खोड काढायची तर वस्तू नीट बघावी लागते, आणि ज्याने ती तीस वर्षं वापरली त्याचं ऐकूनही घ्यावं लागतं.

करवत गेली, शिकंजा गेला. पटाशी तेवढी परत घरी आली. "भाव जमला नाही," बाबा म्हणाले.

आकडा मी ऐकला होता. चांगला होता.